आकृतीचे गुण देऊन टाकले, चुकलं का?

पत्राचा सारांश: नाशिकमधल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. यंदा प्रथम वर्ष कला शाखेत पूर्ण दृष्टिहीन असलेला एक विद्यार्थी आला आहे. कळवण तालुक्यातला, वसतिगृहात राहतो, बारावीला चांगले गुण आहेत. आमचा विषय म्हणजे निम्मा फळ्यावरचा. आकृती आली की मी त्याला म्हणते, ‘तू हे सोड, तुला नाही विचारणार.’ अंतर्गत चाचणीत पंधरापैकी आठ गुण आकृत्यांना होते. ते मी त्याला न विचारताच देऊन टाकले. काही मुलं कुरकुरली. तो मात्र तेव्हापासून शेवटच्या बाकावर बसतो, काही विचारत नाही. प्राचार्य म्हणतात, ‘आपल्याकडे सोय नाही, एकासाठी करत बसलो तर सगळेच मागतील.’ सहकारी सुचवतात, त्याला मराठी घ्यायला सांगा, नाहीतर मुक्त विद्यापीठात पाठवा, घरी बसून होईल. विषय बदलायला आठ दिवस आहेत. चाचणीचे गुण अजून परीक्षा विभागाकडे गेलेले नाहीत. काय करू?

मॅडम,

तुमच्या पत्रात प्राचार्य काय म्हणाले ते आहे, सहकारी काय म्हणाले ते आहे, मुलांची कुरकुरही आहे. त्या मुलाचं स्वतःचं असं एकही वाक्य त्यात नाही. त्याला आकृत्या जमणार नाहीत हे ठरलं, त्या सोडायच्या हे ठरलं, गुण किती द्यायचे तेही ठरलं. त्याला विचारायचं तेवढं राहिलं. आठ दिवसांतला पहिला अर्धा तास त्याच्याशी बोलण्यात घालवा. स्टाफरूममध्ये नको, तिथे चार जण कान देऊन बसलेले असतात. एखादा रिकामा वर्ग बघा, आत गेल्यावर स्वतःचं नाव सांगा, आणखी कोणी सोबत असेल तर तेही सांगा.

विचारायचं काय? तो वाचतो कसा: ब्रेल, ऐकून, की दोन्ही? फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधली, पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) वापरतो का, संगणकावर एनव्हीडीए येतं का? (एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम; मराठीही वाचतो.) दृष्टी जन्मापासून नाही की नंतर गेली? हा प्रश्न हळहळण्यासाठी नाही. पूर्वी दिसत असेल तर आलेख कसा असतो हे आठवणीच्या आधारानं सांगता येतं, जन्मापासून दिसत नसेल तर सुरुवात बोटांपासून करावी लागते. आणि शेवटचा प्रश्न, शाळेत आलेख कधी हाताला लागला होता का, की तिथेही कोणीतरी ‘तू हे सोड’ म्हणालं होतं? उत्तराचा अंदाज तुम्हालाही असेल.

आता आकृतीकडे येऊ. आकृती म्हणजे डोळ्यांचं काम, हे तुम्ही धरून चालला आहात. मागणीची रेषा मुळात दोन आकड्यांची जोडी आहे. कांदा २० रुपये किलो असताना घरात महिन्याला ५ किलो लागतो, ४० रुपये झाला की ३ किलोत भागवतात. कळवणच्या मुलाला कांद्याच्या भावाचं गणित तुमच्याआधी कळलेलं असणार. त्याला अडलं आहे ते एवढंच, की हे नातं कागदावर कसं मांडतात ते त्याच्या हाताला कुणी लावलेलं नाही.

त्यासाठी महागडं यंत्र नको. शिंपी कापडावर खुणा करायला जे दातेरी चाक वापरतात ते ट्रेसिंग व्हील घ्या. मेन रोडच्या बाजूला शिवणाचं साहित्य विकणाऱ्या कुठल्याही दुकानात विचारा. सोबत जाड कार्डशीट, जुना माऊसपॅड किंवा रबरी चटईचा तुकडा, लोकर, फेव्हिकॉल आणि खड्याच्या टिकल्यांचं एक पाकीट. कार्डशीट रबरावर ठेवून चाक दाबून फिरवलं की कागदाच्या दुसऱ्या बाजूला उंच टिंबांची ओळ उठते. त्याच्या बोटाखाली येते ती ही ओळ.

फसतं ते इथेच. टिंबं उठतात मागच्या बाजूला, म्हणजे उजवं-डावं उलटं होतं. अक्ष समोरून लोकरीनं चिकटवले आणि रेषा मात्र न उलटवता मागून ओढली, तर डावीकडून उजवीकडे उतरणारी मागणीची रेषा समोर चढताना लागते. म्हणजे तुम्ही तोंडानं मागणीचा नियम सांगताय आणि पोरगं बोटानं पुरवठा वाचतंय. तो गोंधळेल, आणि बघणाऱ्याला वाटेल की आलेख काही याला झेपत नाही. म्हणून आधी समोरच्या बाजूला पेन्सिलनं पूर्ण आकृती काढा, कागद खिडकीच्या काचेला लावून मागच्या बाजूला तीच रेषा गिरवा आणि मग त्या गिरवलेल्या रेषेवरून चाक फिरवा. त्याच्या हातात देण्याआधी डोळे मिटून स्वतःचं बोट फिरवून बघा. डावीकडून निघालेलं बोट खाली उतरलं पाहिजे.

आकार साधारण दोन तळव्यांएवढा ठेवा, १५ ते २० सेंटिमीटर. फार मोठी आकृती हात फिरवता फिरवता हरवते, फार लहान असेल तर रेषा एकमेकींत मिसळतात. दोन रेषांत बोटाच्या पेराएवढं तरी अंतर हवं. एका कागदावर दोनच रेषा, आणि त्यांचा स्पर्श वेगळा: मागणी टिंबांची, पुरवठा लोकरीचा. समतोल बिंदूवर, म्हणजे या दोन रेषा छेदतात तिथे, खड्याची टिकली. आरंभबिंदूवरही एक टिकली लावा, म्हणजे बोट भरकटलं की परत यायला जागा मिळते. पार्श्वभूमीवरच्या चौकटी, बाण, सावल्या काहीही नको. डोळा त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, बोटाला ते जमत नाही. लोकर आदल्या रात्रीच चिकटवा. तासाआधी घाईनं लावलेली लोकर पहिल्या वाचनातच हातात येते.

हे झालं वाचण्याचं. त्याला स्वतःला आकृती काढताही आली पाहिजे. सॉफ्टबोर्डचा तुकडा, टाचण्या आणि रबरबँड पुरतात. अक्षांवर सारख्या अंतरावर टाचण्या लावून ठेवा, तो मोजत मोजत बिंदू ठरवेल, टाचणी टोचेल आणि रबर ताणेल. रबरानं सरळ रेषाच होते. वक्र हवा असेल तर टाचण्यांमधून लोकर न्यावी लागते. मागणी वाढली की अख्खी रेषा उजवीकडे सरकवायची, हे तो बोर्डावर हातानं करून दाखवेल. अंतर्गत चाचणीत त्या बोर्डाचा फोटो काढून उत्तरपत्रिकेला जोडला की झालं. थर्माकोल मात्र घेऊ नका, दुसऱ्या दिवशी टाचण्या डुगडुगायला लागतात.

वर्गात तुमच्या बोलण्यातली एक सवय बदलावी लागेल. ‘हे इथून इथे सरकलं, म्हणजे हे वाढलं’, फळ्यासमोर उभं राहिलं की आपण सगळेच असं बोलतो. त्याऐवजी ‘किंमत २० वरून ४० झाली, मागणी ५ वरून ३ किलोवर आली, बिंदू रेषेवरच वर आणि डावीकडे गेला’ असं म्हणा. पहिल्या आठवड्यात तोंडात बसणार नाही. पण रेषेवरची हालचाल आणि रेषेचं सरकणं यांत डोळस मुलंही दर वर्षी घोळ घालतात, तो या निमित्तानं कमी झाला तर तुम्हाला आश्चर्य वाटू नये.

नोट्सचं काय करता ते तुम्ही लिहिलेलं नाही. अनेक महाविद्यालयांत मराठी नोट्स अजून श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप होतात. छापल्यावर त्या सुंदर दिसतात, फोनला मात्र तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि तो तीच वाचतो. तपासायची रीत सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरपद्धत) आहे, कचरा दिसला तर नाही. रूपांतर करणारी साधनं ऑनलाइन मिळतात, पण ती रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत चुकतात, तेवढी नजर फिरवा. पीडीएफऐवजी वर्डची फाइल द्या, शीर्षकांना वर्डमधलीच हेडिंगची स्टाइल लावा. नुसतं ठळक केलं तर एनव्हीडीएला ते शीर्षक आहे हे कळत नाही आणि पोराला चाळीस पानं पहिल्यापासून ऐकावी लागतात. कोष्टकात खाने एकमेकांत जोडू नका. फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकता ना, त्याखाली दोन ओळी टाइप करा. आणि हे सगळं तासाच्या आदल्या दिवशी, नंतर नव्हे.

पाठ्यपुस्तकासाठी आधी सुगम्य पुस्तकालय बघा. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीचं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्याला सभासद व्हायला सांगा. तिथे नसेल तर स्कॅन करावं लागेल. गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी अक्षरओळख बऱ्यापैकी होते. एका वेळी दहा-पंधरा पानंच टाका. मजकुरातली चूक ऐकताना लक्षात येते, आकड्यातली येत नाही. छपाई पुसट असेल तर १ चा ९ होतो, आणि अर्थशास्त्रात तो घात आहे. कोष्टकं पुस्तकाशी ताडून बघायचं काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या तीन-चार मुलांत वाटून द्या. एकाच मित्रावर टाकू नका, परीक्षा जवळ आली की तो मित्रही अडतो आणि मैत्रीही. स्कॅन करणं बेकायदा तर नाही ना, ही शंका ग्रंथपाल काढतील. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत तिच्या वापरासाठी करायला मोकळीक दिली आहे. ती प्रत वर्गाच्या ग्रुपवर मात्र टाकायची नाही.

आता विषय बदलण्याचं. मराठी घेतलं तरी पुस्तकं तशीच छापील असणार, नोट्स त्याच श्रीलिपीत असणार. अडचण अर्थशास्त्राची नव्हतीच. मुक्त विद्यापीठ आपल्या गावात आहे, नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी जणांचा तो आधार आहे, पण तिथे जायचं ते ज्यानं त्यानं ठरवून. हा मुलगा कळवणहून नाशिकला आला तो वर्गात बसायला, वसतिगृहात चार मित्र करायला, कॉलेज रोडला भटकायला. ‘घरी बसून होईल’ हे सोयीचं कुणाला, एवढं स्वतःला विचारा. त्याला खरोखर साहित्यात रस असेल आणि तो आपणहून म्हणाला तर जरूर बदलू दे. पण आलेख एकदा हाताला लागू दे, त्यानंतर.

प्राचार्यांच्या ‘सोय नाही’ला उत्तर कागदावर द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम १६ नुसार अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्या त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक यांचा थेट उल्लेख आहे. कलम ३२ नुसार अनुदानित उच्च शिक्षणसंस्थेत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात. जागा राखून ठेवायच्या आणि मूल आलं की सोय नाही म्हणायचं, हे प्राचार्यांनाही पटणार नाही. ते वाईट आहेत असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही, खर्चाला घाबरलेले वाटतात. म्हणून विद्यार्थ्याच्या सहीचा एक पानी अर्ज करा, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोडा (पूर्ण दृष्टिहीन असेल तर कार्ड निळं असेल), आणि चारच मागण्या लिहा: युनिकोड नोट्स, तळमजल्यावरची परीक्षेची खोली, लेखनिकाला वेळेत मंजुरी, ग्रंथालयातल्या एका संगणकावर एनव्हीडीए. खर्च जवळजवळ शून्य. अर्ज आवक-जावकला देऊन आवक क्रमांक घ्या. तोंडी झालेलं बोलणं पुढच्या सत्रात कुणालाच आठवत नाही. पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय हा पुढचा दरवाजा. तो बहुधा ठोठवावा लागणार नाही. ब्रेल, पांढरी काठी, उपकरणं यांसाठी सातपूरला नॅबच्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या दृष्टिहीनांसाठीच्या संस्थेच्या) महाराष्ट्र शाखेचं कार्यालय आहे, तिथे त्याला घेऊन एक चक्कर मारा.

सत्र परीक्षेची तयारी मात्र आजपासून. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं भरपाईचा वेळ मिळतो. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक स्वतः आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. दृष्टी लागणाऱ्या प्रश्नांना पर्यायी प्रश्न देण्याची तरतूदही आहे. विद्यापीठाचं चालू परिपत्रक आणि अर्जाचा नमुना परीक्षा विभागाकडून परीक्षा अर्ज भरतानाच घ्या. लेखनिकाची दोन नावं मंजूर करून ठेवा. परीक्षेच्या सकाळी लेखनिकाला ताप येणं ही नेहमीची गोष्ट आहे. दोघांकडून एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवून घ्या. ‘प्रश्न पूर्ण वाच, गुणांसकट वाच, मी थांब म्हणेपर्यंत लिहीत राहा’ हे दोघांचं आधी ठरलेलं हवं, आणि ‘सीमांत उपयोगिता’ असला शब्द लेखनिकानं आधी एकदा लिहिलेला हवा. वरिष्ठ पर्यवेक्षकाकडे जादा वेळेचा लेखी आदेश द्या. नाहीतर शेवटची घंटा झाली की नेहमीच्या सवयीनं उत्तरपत्रिका ओढली जाते.

हा वेळ म्हणजे मेहेरबानी नाही, हे कुरकुरणाऱ्या मुलांना कधीतरी सांगायला हवं, त्याचं नाव न घेता. डोळस विद्यार्थी आपण वर काय लिहिलं ते एका नजरेत बघतो. याला ते लेखनिकाकडून पुन्हा वाचून घ्यावं लागतं, आणि तोपर्यंत पुढचं वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागतं. पण त्या आठ गुणांबद्दल मुलं कुरकुरली ते रास्तच होतं. न सोडवलेल्या प्रश्नाला गुण मिळाले तर कोण गप्प बसेल?

हे सदर वाचणाऱ्या इतर शिक्षकांसाठी थोडं. कर्णबधिर विद्यार्थी असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नका, नवी संज्ञा आधी लिहा, व्हिडिओला सबटायटल्स आहेत का बघा. व्हीलचेअरवरचा विद्यार्थी असेल तर रॅम्पचं प्रमाण १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. बांधकामवाला अर्धीच करतो आणि वर गुळगुळीत फरशी लावतो, आणि उरलेल्या जागेत आपणच दुचाक्या लावतो. लेखनदोष असलेल्या, म्हणजे हातानं लिहिणं अवघड जाणाऱ्या मुलाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांखाली आहे म्हणून लेखनिक नाकारू नका; सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात ती अट काढून टाकली आहे, आणि अशा परीक्षार्थींसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळ्या सूचनाही निघाल्या होत्या.

राहिले ते आठ गुण. पाठवू नका. त्याला सांगा की ते गुण देण्यात तुमची चूक झाली, आणि चाचणीतला तो भाग पुन्हा घ्यायचा आहे. मागणी-पुरवठ्याचे चार कागद त्याला आधी चार दिवस वसतिगृहावर वापरायला द्या. मग टाचण्यांचा बोर्ड समोर ठेवून वीस मिनिटांची तोंडी घ्या, इतरांना होते त्याच पातळीची: रेषा लाव, समतोल दाखव, दुष्काळानं पुरवठा घटला तर काय होईल ते करून दाखव. सोबत दुसरे एक प्राध्यापक बसले तर उद्या कुणी विचारलं तरी उत्तर तयार राहील. आठपैकी पाच मिळाले तर पाच लिहा, आणि तीन कुठे गेले ते त्याचं बोट त्या रेषेवर ठेवून सांगा.